सतरावी बी

तोक्योत, हिगाशी-कसाईतल्या आमच्या इमारतीखाली, कचरा ठेवायची जाळीची खोली आहे. तिच्या दारात माझी आणि कुमुदताई नेरूरकरांची पहिली भेट झाली. अमृतमहोत्सवी ग्रंथातल्या लेखाची सुरुवात कचऱ्याच्या खोलीपासून होते आहे, याबद्दल संपादक मला क्षमा करतील अशी आशा आहे. ताई करतीलच, कारण त्या दिवशी तिथे उभे राहून आम्हा सगळ्यांना धारेवर धरणाऱ्या त्याच होत्या.

इमारतीतल्या मराठी कुटुंबांनी त्या वर्षी मिळून गणपती बसवला होता. विसर्जन झाले, आरती झाली, जेवणे झाली आणि मागे राहिल्या फुलांच्या, दूर्वांच्या, हारांच्या दोन फुगलेल्या पिशव्या. पुण्या-मुंबईची सगळी हुशार मंडळी त्या पिशव्यांभोवती गोल करून उभी होती. एका उत्साही गृहस्थांनी कचऱ्याच्या ॲपमध्ये शोधून निकाल जाहीर केला की हे मोएरु गोमी, म्हणजे जळणारा कचरा, आणि तो उद्या सकाळीच न्यायला येतात. प्रश्न सुटला म्हणून सगळे खूश. तेवढ्यात पाहुण्या म्हणून इचिकावाहून आलेल्या, पांढऱ्या केसांच्या, ठेंगण्या बाई पुढे झाल्या आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, "अहो, तुम्ही ॲपला फुलं विचारलीत. निर्माल्य विचारलंत का?"

आपल्या भाषेत दोन शब्द असतील तर त्या दोन वस्तू आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. ते त्यांनी कुणाला लेक्चर देऊन सांगितले नाही. दोन्ही पिशव्या उचलल्या आणि स्टेशनच्या दिशेने चालू लागल्या. घरी बाल्कनीतल्या कुंड्यांत त्याचे खत करणार होत्या. मला राहवले नाही म्हणून मी एक पिशवी घेतली. वाटेत त्यांनी माझी चौकशी केली. मी रसायनशास्त्रात एमएस्सी केले आहे, नवऱ्याच्या आयटी कंत्राटामुळे इथे आले आहे आणि सध्या मुलगी पाळणाघरातून सुटायची वाट बघणे हाच माझा उद्योग आहे, असे मी जरा तिरसटपणे सांगितले. तिकिटाच्या फाटकापाशी पिशवी परत घेताना त्या म्हणाल्या, "बुधवारी या माझ्याकडे. नखं कापून या." नोकरीची मुलाखत इतक्या थोडक्यात आटोपल्याचे मी आजवर ऐकलेले नाही.

ताईंचा परिचय करून देण्याची गरज या ग्रंथाच्या निम्म्या वाचकांना नाही. उरलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. त्यांचे यजमान अरविंदराव बँकेच्या नोकरीत बदली होऊन तोक्योला आले. बाकीच्या बायका परतीची वर्षे मोजत होत्या, तेव्हा ताई जपानी शिकल्या आणि मग जुन्या लाकडी वस्तूंचे जतन कसे करायचे ते शिकल्या. एका विद्यापीठाच्या छोट्या संग्रहालयात त्यांना काम मिळाले. बँकेने परत बोलावले तेव्हा अरविंदरावांनी बँक सोडली. ते आजही मिश्कीलपणे सांगतात, "बदली माझी झाली होती, पण रुजू ती झाली." निवृत्तीचे वय उलटून गेल्यावरही संग्रहालयाने ताईंना दरवर्षी नवा करार करून ठेवून घेतले होते. मी गेले ती त्यांची मदतनीस म्हणून, बाइतोवर, म्हणजे अर्ध्या वेळेच्या कामावर.

ताईंच्या हाताखालून देव्हारे गेले, मुखवटे गेले, बोटींची सुकाणू गेली. पण त्यांचे नाव निघाले की मला आठवते ती एक पेटी. योरुबा हे नायजेरियातले आणि शेजारच्या देशांतले लोक. इफा ही त्यांची दैवाला प्रश्न विचारण्याची जुनी परंपरा, आणि ती चालवणाऱ्या जाणकाराला ते बाबालावो म्हणतात. कंपनीच्या नोकरीत लागोसला काही वर्षे काढलेल्या एका जपानी गृहस्थांकडे या विधीचे सगळे साहित्य होते. ते गेल्यावर त्यांच्या पत्नीने ते संग्रहालयाला दिले. कडेने कोरीवकाम केलेले एक गोल लाकडी तबक, त्याच्या काठावर एक डोळे वटारलेला चेहरा. तबकावर पसरायची फिकट पिवळी लाकडाची पूड. दैवताला हाक मारण्यासाठी तबकावर वाजवायची एक निमुळती दांडी. आणि झाकणाच्या भांड्यात तेलताडाच्या, म्हणजे ज्याचे पामतेल निघते त्या झाडाच्या, काळ्याभोर, हाताळून गुळगुळीत झालेल्या बिया.

त्या तबकाला योरुबात ओपॉन म्हणतात आणि जपानीत साध्या चहाच्या तबकाला ओबोन. त्यामुळे ताईंनी ओपॉन आणायला सांगितल्यावर एका जपानी विद्यार्थिनीने चहाचे तबक, वर चार कप ठेवून, मोठ्या अदबीने आणले होते. ताईंनी आधी चहा घेतला, मग शब्द दुरुस्त केला. त्यांच्या रागावण्याचा क्रम साधारण असाच असे.

हा विधी कसा चालतो, ते ताईंनी मला पहिल्याच आठवड्यात समजावले. बाबालावो सोळा बिया एका तळहातावर घेतो आणि दुसऱ्या हाताने एका झटक्यात उचलायला बघतो. मागे एक बी उरली तर पुडीत दोन रेघा, दोन उरल्या तर एक. उचललेल्यांना काही किंमत नाही. जे उरते त्यावरून उत्तर. अशा रेघांच्या जोड्या लागत जातात आणि प्रत्येक आकृतीची कथा बाबालावोला मुखोद्गत असते. मला हे फार लांबचे आणि चमत्कारिक वाटत होते. ताईंना अजिबात वाटत नव्हते. त्यांचे आजोळ कोकणातले. देवळात गुरवाने देवाच्या अंगावर भिजवलेले तांदूळ लावायचे, गाऱ्हाणे घालायचे आणि कुठल्या बाजूचा दाणा आधी पडतो ते बघत साऱ्या गावाने श्वास रोखून बसायचे, हे त्यांनी लहानपणी पाहिले होते. "कौल म्हण ना सरळ," त्या मला म्हणाल्या. "माझ्या मावशीचं लग्न डाव्या कौलावर मोडलंय. तांदूळ साधेच असतात गं. आपण त्यांना विचारतो, म्हणून ते साधे राहत नाहीत."

ही समज त्यांच्या हातांत होती. तबकाच्या कोरीव खाचांत जुनी पिवळी पूड घट्ट बसली होती. विद्यार्थी मऊ ब्रश आणि बारीक व्हॅक्यूम घेऊन सज्ज होते. धूळ काढली की नक्षी खुलेल असे त्यांचे म्हणणे. ताईंनी ब्रश काढून घेतला. तुमच्या आजीकडे देवघरात उदबत्तीच्या भांड्यातली राख असते ना, ती आजी फेकते का, असे त्यांनी विचारले. मुले म्हणाली, नाही, आजी ती चाळून पुन्हा भांड्यात घालते. मग हीसुद्धा धूळ नाही, एवढेच ताई म्हणाल्या. पेटीच्या तळाशी वर्षानुवर्षे सांडलेली पूडसुद्धा त्यांनी टिपून एका काचेच्या कुपीत ठेवली. हिगाशी-कसाईतल्या त्या दोन पिशव्या मला तेव्हा आठवल्या.

पण नुसत्या कोकणातल्या आठवणींवर विसंबून राहणाऱ्या ताई नव्हेत. माहीत नसेल तर विचारायचे, आणि ज्याचे आहे त्याला विचारायचे, हा त्यांचा नियम. त्यांनी चौकशी करत करत फेमी-सानना शोधून काढले. फेमी-सान उरायासुच्या एका शाळेत इंग्रजी शिकवतात; नायजेरियातल्या बाबालावोंच्या घराण्यातले, आणि स्वतःही दीक्षा घेतलेले. त्यांना संग्रहालयात बोलावून ताईंनी बियांचे भांडे समोर ठेवले. ते केवढे जुने आहे, कुठले आहे, हे काहीच विचारले नाही. पहिला प्रश्न विचारला तो असा की, मी बाई आहे, परकी आहे, मी यांना हात लावलेला चालेल का?

फेमी-सान म्हणाले की हा प्रश्न मला इथे पहिल्यांदाच कुणी विचारला आहे, आमच्याकडेही यावर सगळ्यांचे एकमत नाही, मी गावी काकांना विचारून सांगतो. पुढच्या आठवड्यात काकांचे उत्तर आले. हात लावा, पण उगाच लावू नका, आणि कशासाठी आला आहात ते आधी त्यांना सांगा.

तेव्हापासून पेटी उघडण्याआधी ताई हात जोडून, आपल्या नेहमीच्या आवाजात, मराठीत सांगू लागल्या. "आज झाकणाची भेग बघायचीय, फार हलवणार नाही." "आज फोटो काढायचेत, दिवा जरा प्रखर आहे, सांभाळून घ्या." एकदा संग्रहालयाचे प्रमुख ओनो-सेन्सेई दारात येऊन उभे राहिले आणि त्यांनी विचारले की नेरूरकर-सान कोणाशी बोलताहेत. ताई म्हणाल्या, ज्यांचं काम आहे त्यांच्याशी. सेन्सेईंनी मान लववली आणि दार हळूच लावून घेतले. मला हसू येत होते आणि त्याच वेळी ऊर भरून आला होता. देशोदेशींच्या संग्रहालयांत कितीतरी लोकांचे देव कपाटांत बंद आहेत. त्यांतल्या एका कपाटापाशी तरी रोज कुणीतरी मराठीतून परवानगी मागत होते.

आता माझ्या मुलीविषयी सांगते, कारण पुढचे सगळे तिच्यामुळे घडले. इरा तेव्हा नुकती शाळेत जाऊ लागली होती. घरी आम्ही मराठीत बोलायचो आणि ती जपानीत उत्तर द्यायची. मी चिडायची, रडायची, पुण्याहून आईचा फोन आला की शरमेने गप्प व्हायची. ताईंनी तिला "मराठीत बोल" असे एकदाही म्हटले नाही. त्यांनी चिंचोक्यांची एक पुरचुंडी आणली आणि तिच्याशी खेळ मांडला. मूठभर चिंचोके हातावर घ्यायचे, दुसऱ्या हाताने उचलायचे आणि मागे राहिलेल्यांविषयी ताई विचारणार, "किती उरले?" इरा आधी जपानीत मोजायची. ताई ऐकू येत नसल्यासारखे करायच्या. काही दिवसांनी स्वयंपाकघरात मला ऐकू आले, "दोन उरले, ताईआजी." मी कणीक तशीच सोडून बाहेर आले. माझ्या मुलीच्या तोंडून स्वतःहून आलेले ते पहिले मराठी वाक्य होते, आणि त्याचे सगळे श्रेय ताईंचे आहे. हे मी इथे छापील लिहून ठेवते आहे.

त्याच सुमारास संग्रहालयाने आफ्रिकेतल्या वस्तूंचे प्रदर्शन भरवायचे ठरवले, आणि ही पेटी त्यात मुख्य होती. माहितीपुस्तक छापायला जाणार होते. प्रत्येक वस्तूपुढे तिचे वय लिहिलेले हवे होते आणि या साहित्याचे वय कुणालाच ठाऊक नव्हते. तपासणीत ते निघू शकते, पण त्यासाठी एक बी कापावी लागते. एरवी ताईंनी हे ऐकूनही घेतले नसते. पण भांड्यात बिया होत्या सतरा. सोळा एकत्र, आणि एक वेगळी, लहानशा वाटीत कवड्यांवर ठेवलेली. त्या वाटीला बांधलेल्या जुन्या चिठ्ठीवर जपानीत स्पष्ट लिहिले होते, "योबी". म्हणजे जादाची, एखादी हरवली तर असावी म्हणून ठेवलेली. ओनो-सेन्सेई म्हणाले, विधीला सोळाच लागतात. ही कापली तर कुणाचे काही बिघडत नाही. समितीला ते पटले. फेमी-सान सुट्टीसाठी गावी गेले होते, त्यामुळे त्यांना विचारणे ते परत येईपर्यंत लांबले.

ताई मात्र अस्वस्थ होत्या, कारण चिठ्ठीवरचे अक्षर त्यांचे स्वतःचे होते. पेटी आली तेव्हा त्या संग्रहालयात नवीन होत्या आणि नोंदी त्यांनीच केल्या होत्या. आपण योबी का लिहिले हे त्यांना काही केल्या आठवेना. "मी लिहिलं म्हणजे काहीतरी विचारूनच लिहिलं असणार," त्या पुन्हापुन्हा म्हणत होत्या, आणि ते स्वतःलाच पटत नसल्याचे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते.

त्या आठवड्यात इराचा वाढदिवस आला. ताईंनी तिला पाकीट दिले. आत येनची नोट, आणि आपल्या पद्धतीप्रमाणे वर एक येनचे नाणे चिकटवलेले. इराने पाकीट उलटसुलट करून पाहिले, ते नाणे नखाने सोडवले आणि प्रामाणिकपणे ताईंपुढे धरले. तिने विचारले, "ताईआजी, हे योबी आहे का?"

मी हसले. "अगं, योबी नाही, तो वरचा असतो," असे म्हणून मी तिला समजावू लागले की शंभर द्यायचे तर वर एक द्यायचा, तो जास्तीचा नसतो, त्याच्यामुळे शकुन होतो. बोलता बोलता माझे ताईंकडे लक्ष गेले. त्या ते नाणे तळहातावर घेऊन बसल्या होत्या.

"वरची," त्या म्हणाल्या. "अगं, मला वरची लिहायचं होतं."

मग त्यांना सगळे आठवले. पेटी देताना त्या गृहस्थांच्या पत्नीने सांगितले होते की माझे यजमान ही बी नेहमी बाजूला, बाकीच्यांपेक्षा उंच ठेवत. का ते मला माहीत नाही. ऐकता ऐकता ताईंच्या मनात मराठी शब्द उमटला तो वरची. आपल्याकडे वरचा रुपया असतो तशी. जपानी तेव्हा कच्चे होते. शेजारी बसलेल्या सहकाऱ्याला त्यांनी विचारले की संख्या पुरी झाल्यावर वर एक असेल तर त्याला काय म्हणतात. त्याने आपल्या परीने बरोबर उत्तर दिले, योबी. मराठीत वरचा म्हणजे जास्तीचा, आणि वरचा म्हणजे सगळ्यांवर लक्ष ठेवणारा तो वर बसलेलाही. यातला पहिला अर्थ चिठ्ठीवर उतरला आणि दुसरा मागे राहिला. ही चूक फक्त मराठी माणसाच्याच हातून होऊ शकली असती.

त्यांनी आमच्याच घरातून नायजेरियाला फोन लावला. केक तसाच राहिला. फेमी-साननी पलीकडून जे सांगितले ते मी जवळ बसून ऐकले. सतराव्या बीला नाव आहे, ओदुसो. ती हातात घेत नाहीत, तिला उचलत नाहीत, तिच्यावरून रेघ ओढत नाहीत. ती बाजूला बसून बघत असते. "ती बघत असते, म्हणून बाकीच्या नीट बोलतात," फेमी-सान म्हणाले. ती कापली तर काय होईल असे ताईंनी विचारले. ते म्हणाले की मग तुमच्याकडे सोळा बिया उरतील, इतकेच. इफा उरणार नाही.

समितीच्या बैठकीत मी टिपणे घ्यायला बसले होते. माहितीपुस्तक छापखान्यात जायला टेकले होते, तपासणीची वेळ ठरली होती, आणि ताईंचा वर्षाचा करार वसंतात संपत होता. ही शेवटची गोष्ट खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होती. ताई उभ्या राहिल्या, सगळ्यांना वाकून नमस्कार केला आणि सांगितले की ही चिठ्ठी माझ्या हातची आहे, आणि ती चुकीची आहे. मग नाण्यापासून ओदुसोपर्यंत सगळे जसेच्या तसे सांगितले. आपण कुठे चुकलो ते सांगताना त्यांचा आवाज जराही खाली गेला नाही.

ओनो-सेन्सेई भले गृहस्थ आहेत, पण अडचण त्यांचीही खरी होती. ते म्हणाले, मग सोळांतली एखादी घेऊ. ताई म्हणाल्या, पंधरा बियांना कुणी प्रश्न विचारत नाही. सेन्सेईंनी विचारले, मग वयापुढे काय छापायचे? ताई म्हणाल्या, माहीत नाही असे छापायचे. संग्रहालयाने असे छापणे बरे दिसत नाही, आणि तपासणी रद्द झाल्याची जबाबदारी कुणीतरी घ्यावी लागेल, असे कुणीतरी हळू आवाजात म्हणाले. त्यावर ताईंनी जे उत्तर दिले ते जपानीत होते, पण मला ते मराठीतच आठवते: "जबाबदारीच्या जागी माझं नाव घाला. मला सोडलंत तर माझ्या जागी दुसरी येईल. त्या बीच्या जागी दुसरी येणार नाही."

मी टिपणे घेणे सोडून दिले होते. मला आपल्या माणसाचा इतका अभिमान त्याआधी कधी वाटला नव्हता, आणि हे लिहिताना तो तसाच वाटतो आहे.

बी कापली गेली नाही. बैठकीनंतर ओनो-सेन्सेई ताईंच्या टेबलापाशी आले आणि नवी चिठ्ठी तुम्हीच लिहावी, अशी त्यांनी विनंती केली. पण जपानी शब्द कोणता लिहायचा? या वेळी ताईंनी घाई केली नाही. त्यांनी सेन्सेईंना विचारले की शाळेच्या वाटेवर सकाळी पिवळा झेंडा घेऊन म्हातारी माणसे उभी असतात, मुलांकडे नुसती बघत असतात, त्या कामाला तुम्ही काय म्हणता? सेन्सेई म्हणाले, मिमामोरी. काहीही हातात न घेता, मायेने नजर ठेवणे. ताईंनी चिठ्ठीवर आधी ओदुसो लिहिले आणि खाली मिमामोरी. प्रदर्शनात ती बी कवड्यांच्या वाटीत, बाकीच्यांपेक्षा जरा उंचावर होती. वयापुढे लिहिले होते, माहीत नाही. त्या दोन शब्दांपुढे लोक सर्वांत जास्त वेळ थांबत होते. गावाहून परतलेले फेमी-सान आले, काचेपुढे उभे राहून हळू आवाजात त्यांच्या भाषेत काही म्हणाले आणि मग वळून ताईंपुढे तसेच झुकले, जसे ते काचेपुढे झुकले होते. ताई अवघडून म्हणाल्या, "अहो, हे काय, मी नुसतं स्पेलिंग दुरुस्त केलं."

वसंतात ताईंचा करार पुढे चालू झाला नाही. कारण वयाचे दिले गेले. त्यावर ताई कधी काही बोलल्या नाहीत, आणि त्यांच्या अमृतमहोत्सवी ग्रंथात मीही बोलणार नाही. एवढे सांगते की शेवटच्या दिवशी त्यांनी पेटी उघडली आणि सांगितले, "उद्यापासून मी यायची नाही. ही पोरगी येईल. तिची नखं कापलेली असतात." ती पोरगी म्हणजे चाळिशीची मी. आज पेटी उघडण्याआधी मी माझ्या आवाजात, मराठीत, कशासाठी आले ते सांगते. ओनो-सेन्सेईंना आता त्याचे काही वाटत नाही. गेल्या महिन्यात मी गडबडीत विसरले, तर त्यांनीच आठवण करून दिली.

ताई रिकाम्या बसल्या असतील असे ज्यांना वाटत असेल त्यांनी इचिकावाला शाळेच्या वेळेत यावे. त्यांच्या घराजवळच्या चौकात, पिवळ्या जाकिटात, हातात झेंडा घेऊन एक ठेंगणी बाई उभी दिसेल. अंगापेक्षा जाकीट मोठे आहे, आणि अरविंदराव खिडकीतून चहा पीत तिच्यावर लक्ष ठेवून असतात. मुले सकाळचे ओहायो म्हणत पुढून जातात. त्यांतली काही मराठी आहेत, त्यांना ताई हळूच "डबा खा रे" म्हणतात. त्या कुणाचा हात धरत नाहीत, कुणाला ओढत नाहीत. फक्त उभ्या असतात, आणि मुले नीट रस्ता ओलांडतात.

ताई, पंच्याहत्तरीला शतायुषी व्हा म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. आम्ही सगळे, तुमचे विद्यार्थी, इथली मराठी मंडळी, फेमी-सान आणि त्यांचे गावाकडचे काका, ज्यांनी न भेटता तुम्हाला आशीर्वाद पाठवले आहेत, तुम्हाला शंभर वर्षांचे निरोगी, ठणठणीत आयुष्य चिंतितो. हा लेख मी रात्री जेवणानंतर इराला वाचून दाखवला. आता ती तो मराठीत ऐकते आणि मराठीत चुका काढते. शेवटच्या ओळीवर तिने मला थांबवले. म्हणाली, "आई, नुसते शंभर कसे देतेस? वरचं एक राहिलं."

तेव्हा ताई, शंभर आणि वरचं एक. आणि ते वरचं योबी नाही.